लाईट नसलेल्या गावाले कॉम्प्युटरची शाळा

गड्याहो, त्या पुण्याच्या पोराचा मले अजून राग येते. कॉलेजात होतो तवा इंटरनेटच्या एका ग्रुपवर, शिक्षण कसं सुधरावं यावरून, त्याच्याशी माझं जुंपलं. तो म्हणे, 'खेड्यातल्या शाळा बंद करा, कॉम्प्युटरवर शिकवा, मार्क आपोआप वाढतील.'

मी आमच्या समुद्रपूरच्या इंटरनेट कॅफेत बसून एका बोटानं लिहलं, 'आमच्याकडं दुपारभर लाईट नसते. तुझा कॉम्प्युटर काय बैल जुपून चालवू?' पाठवणार, तेवढ्यात लाईट गेली. सारं पुसल्या गेलं.

दुसऱ्या दिवशी पाहतो, तर यानं लिहून ठेवलं, 'समुद्रपूरकर गप्प. म्हणजे पटलं.'

मी लिहलं, 'अबे, लोडशेडिंग होतं!'

तो म्हणे, 'कारणं नको सांगूस. म्हणूनच तुमचे मार्क कमी येतात.'

असा हात उचलला होता ना! पण समोरचा कीबोर्ड कॅफेवाल्याचा होता.