डोलीचा पुढचा माणूस

तालुक्याला जाणाऱ्या मोटारीच्या रांगेत, साहेबांना भेटायला निघालेले दवाखान्याचे दोन डोलीवाले उभे होते.

“केरबा, युनियननं तुला निवडलंय. सायबापुढं तूच बोलायचं.”

“सयाजी, घाटात डोलीला दोघांच्या जागी चौघं द्या म्हनलं, आन् कामावरनंच काढलं तर?”

“तर दोघंबी ऊस तोडू.”

“त्यापरीस तूच बोल की. डोलीला पुढं तू असतोस. ‘खड्डा हाय, दगड हाय,’ वरडतोस. मी मागं गप वजं धरतो.”

“पर मला नुसती वाट दिसती, गड्या. आजाऱ्याचं तोंड तुलाच दिसतं. त्यो कसा कन्हतो, ते तू सांग.”

“आन् तू?”

“मी मागं हाय की.”

मोटार आली. सयाजीनं सवयीनं पायरीवर पाय ठेवला आणि मागे घेतला. केरबा आधी चढला.

“जपून रं,” तो वळून ओरडला, “पायरी मोडकी हाय!”