न बसवलेल्या नळीविषयी दोन शब्द

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख माननीय कृष्णकांतजी, व्यासपीठावर विराजमान हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर इंद्रजीत, आजच्या सत्कारमूर्ती सुनीता सिस्टर, पुष्पगुच्छांमुळे दिसत नसलेले इतर मान्यवर, आणि पनवेल, उरण, रोडपालीहून आलेल्या बंधुभगिनींनो, सविनय नमस्कार.

निमंत्रण द्यायला आलेले गृहस्थ मला म्हणाले, "तुम्ही संस्कृतवाले, पाच मिनिटं छान गोड बोलाल." शिकलो संस्कृत, पण बावीस वर्षं मी या गावात वार्ताहर आहे आणि या रुग्णालयाबद्दल खरोखरच गोड लिहीत आलो. लिफ्ट बसली, मी बातमी दिली. लिफ्ट बंद पडून पुन्हा सुरू झाली, तिचीही दिली. तेव्हा विश्वासातला माणूस म्हणून मला बोलावलं, यात गैर काहीच नाही.

मानपत्रात आपण आत्ताच ऐकलंत, की सुनीता सिस्टर एकतीस वर्षांच्या सेवेनंतर स्वेच्छेने निवृत्त होत आहेत. निवृत्तीला दोन वर्षं शिल्लक असताना! ही इच्छा कुणाला झाली, ते मानपत्रात नाही. ते मी सांगणार आहे. पण सिस्टरांसाठी नव्हे. त्यांचं जे व्हायचं ते झालं. सांगतो ते मधल्या रांगेत बसलेल्या चार जणांसाठी. त्यांच्या जिवाशी या गोष्टीचा संबंध आहे, आणि ते त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

यंदा मार्चमध्ये इथे एक प्रयोग सुरू झाला. ज्यांचा रक्तदाब गोळ्यांनी वठणीवर येत नाही अशा रुग्णांच्या जांघेतून मूत्रपिंडाच्या धमनीपर्यंत जायचं आणि तिथे एक जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, कायमची बसवायची. त्या धमनीभोवतीचे मज्जातंतू रक्तदाबाला उगाच चिथावत असतात म्हणे; नळीने त्यांना शांत करायचं. कल्पना वाईट नाही. चिथावणाऱ्यांना शांत करणारी नळी निघाली, तर आपल्या नगरपरिषदेलाही हवीच आहे.

रुग्ण दहा. पाच जणांत स्टेंट बसवायचा आणि पाच जणांना नुसती गुंगी देऊन, जांघेत टोचून घरी पाठवायचं. कुणात आहे आणि कुणात नाही, हे रुग्णाला वर्षभर कळू द्यायचं नाही. यात फसवणूक नाही, बरं का. सगळ्यांनी समजून सह्या केल्या होत्या. गुण नळीचा की मनाचा, हे ओळखायला दुसरा मार्ग नसतो. गोळ्या मात्र दहाही जणांनी चालू ठेवायच्या होत्या. इथवर शास्त्र स्वच्छ आहे. घाण पुढे आपण केली.

उरणच्या खाडीकाठचे काळूराम तांडेल त्या दहांपैकी एक. दोन महिन्यांत त्यांचा दाब एकशे नव्वदवरून एकशे चाळीसवर आला. आता कुठलाही शहाणा माणूस काय करील? वर्ष संपायची वाट पाहील. आपण काय केलं? फ्लेक्स लावला! 'रायगडचा पहिला स्टेंटवीर' असा. मधोमध फेटा बांधलेले काळूराम, डावीकडे गळ्यात हार घातलेले डॉक्टरसाहेब, उजवीकडे अध्यक्षमहाराज आणि खाली गॉगल घातलेले तेवीस शुभेच्छुक. ज्याच्यासाठी हा खटाटोप, ते मूत्रपिंड कुठे दिसलं नाही.

आणि काळूरामांच्या पोटात काहीही बसवलेलं नव्हतं! ते नुसतं टोचून परत पाठवलेल्यांपैकी होते.

हे डॉक्टर इंद्रजीतना माहीत होतं, कारण टेबलाशी तेच उभे होते. शेजारी सिस्टर होत्या. "मी नाही म्हटलं असतं तर गुपित फुटलं असतं," असं साहेब नंतर म्हणाले. म्हणजे केवळ नियमाचं पावित्र्य राखण्यासाठी त्यांना नाइलाजाने हार घालून घ्यावा लागला. वेदान्तात दोरीला साप समजणाऱ्याचा दृष्टान्त आहे. तिथे निदान दोरी तरी असते.

आणि मी? मी मथळा दिला, 'गोळ्यांना रामराम!' गोळ्या सोडा, असं कुणीही म्हणालं नव्हतं. चार कॉलमांत नेमका बसत होता, एवढंच त्या मथळ्याचं समर्थन.

काळूरामांनी ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं आणि गोळ्या सोडल्या.

सप्टेंबरात तपासणीला आले, तेव्हा लिफ्टबाहेर भिंतीला हात लावून उभे होते. सिस्टरांनी विचारलं, "तांडेल, गोळ्या घेताय ना?"

"सिस्टर, माजे प्वाटात स्प्रिंग हाय. आता गोल्या कनाला?"

दाब निघाला दोनशे दहा. सिस्टर धावत डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. साहेब गोव्याच्या परिषदेला निघत होते. प्रयोगाच्या यशावर भाषण होतं.

"घे म्हणावं गोळ्या," साहेब म्हणाले.

"सांगितलं, सर. तो पेपर दाखवतो. तुमचा फोटो आहे त्यात. तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल."

"काय सांगू? पोटात काही नाही म्हणून? सोमवारी बघू."

हा बुधवार होता. गुरुवारी सुट्टी टाकून सिस्टर एसटीने काळूरामांच्या घरी गेल्या. ते ओट्यावर डोकं धरून बसले होते. सिस्टरांनी एका वाक्यात सांगून टाकलं, "तुमच्या पोटात काही बसवलेलं नाही, गोळी घ्या." काळूराम म्हणाले, "मंग प्रेशर उतारला कसा?"

"आधी तुम्ही गोळ्या चुकवायचात. मार्चपासून मैनाताई रोज सकाळी तुमच्या हातावर गोळी ठेवत होती ना? तिने उतरवला."

काळूरामांनी बायकोकडे पाहिलं. "म्हंजे बॅनरवर हिचा फोटो पायजे व्हता."

त्या दिवशी गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि तो माणूस आज जिवंत आहे.

सोमवारी मैनाताई रुग्णालयात आल्या, सिस्टरांना ताजी कोळंबी द्यायला. समोर डॉक्टर दिसले आणि त्यांचा तोल सुटला. चाळीस रुग्णांदेखत विचारलं, "काय हो डाक्टर, प्वाटात काय नाय, तर गल्यात हार कनाला घातलाव?" गुपित फुटल्याचं असं जाहीर झालं. बिचारी आभार मानायला आली होती, आणि तिच्या आभारांनी सिस्टरांची नोकरी गेली.

चौकशी समितीत तीन सदस्य. तिघांनी मिळून एकच प्रश्न विचारला, "रुग्णाला कोणी सांगितलं?" का सांगितलं, हे विचारण्याइतका वेळ एवढ्या मोठ्या माणसांकडे कुठला? मग सिस्टरांपुढे दोन पर्याय ठेवले. गोपनीयतेचा भंग म्हणून बडतर्फी, किंवा स्वेच्छा आणि शाल. शाल आपण पाहतोच आहोत.

अध्यक्षमहाराज, आपली चिठ्ठी मिळाली. वेळ संपली आहे, मान्य. दोनच मिनिटं.

काळूरामांना प्रयोगातून वगळलं. राहिले नऊ, त्यांतले चौघे आज मधल्या रांगेत आहेत. माझा मथळा त्यांच्याही घरी गेलेला आहे. मी चुकीची दुरुस्ती लिहून संपादकांकडे नेली. ते म्हणाले, "रुग्णालयाची वर्धापनदिनाची पानभर जाहिरात येऊन जाऊ दे, मग बघू." प्रत्येकाचा आपापला सोमवार असतो! इथे मात्र माझ्यावर संपादक नाही.

काल मी सिस्टरांना विचारलं, "आता नोकरी गेलीच आहे. उरलेल्यांपैकी कुणात नळी आहे ते सांगून टाका." त्या म्हणाल्या, "ते नाही सांगायची. काळूरामचा जीव चालला होता म्हणून बोलले. तुम्ही फक्त गोळ्यांचं विचारा."

म्हणून विचारतो. मधल्या रांगेतल्या चौघांनो, नळी असो वा नसो, गोळ्या बंद करायला तुम्हाला कुठल्याही डॉक्टरने सांगितलेलं नाही. ते मी लिहिलं होतं, आणि ते चूक होतं. तुमच्यापैकी कुणी सोडल्यात का?

लाजू नका. लाज वाटायची तर व्यासपीठावर बरीच जागा आहे.

कोण? रोडपालीचे अविनाशराव? उठू नका, बसूनच सांगा. कधीपासून? ऑगस्टपासून! आणि चक्कर? "कधीकधी" म्हणजे? आज येताना जिन्यात आली होती?

अध्यक्षमहाराज, सत्कारमूर्ती खुर्ची सोडून खाली उतरल्या आहेत. त्यांना अडवू नये. एकतीस वर्षांत त्या अडल्या नाहीत, आता शेवटच्या दिवशी कशाला सवय लावता? वाट द्या जरा. पंखा अविनाशरावांच्या बाजूला वळवा कुणीतरी.

तेव्हा मी थांबतो. आपण शांतपणे ऐकलंत, काहींनी अस्वस्थपणे ऐकलंत, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात जे कमी पडलं असेल त्याची क्षमा मागतो. जे जास्त झालं ते तसंच राहू द्यावं.

आणि डॉक्टर इंद्रजीत, सिस्टर प्रेशरचं यंत्र मागताहेत. आपल्या गाडीत असेल तर आणता का? सोमवारी नको. आत्ता.