नातीला नाही, मग आम्हाला का?

आजच्या निरोपसोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या दवाखान्याखालच्या औषधांच्या दुकानाचे मालक, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती डॉक्टरसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, आपल्या काकू, आणि खोकला आवरून शांत बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी साहेबांची सहायक डॉक्टर. तुमच्या भाषेत, ‘ती काही देत नाही ती’. सर्दीखोकला घेऊन कुणी आलं की मी घसा बघायची, छाती ऐकायची आणि सांगायची, “साधी सर्दी आहे, आपोआप जाईल. अँटिबायोटिकचा सर्दीवर उपयोग नाही.” पेशंट मान डोलवायचा, माझ्या खोलीतून निघायचा आणि थेट साहेबांच्या खोलीत शिरायचा. अँटिबायोटिकची गुलाबी कॅप्सूल लिहून घेऊन हसतमुखाने बाहेर! आठवड्याने बरं वाटलं की साहेबांच्या हाताला गुण. माझं ऐकणारेही तेवढ्यातच बरे व्हायचे, पण न दिलेल्या औषधाला गुण आला असं कुणी कधी म्हटलंय का?

साहेबांना हे कळत नव्हतं? अहो, चांगलं कळत होतं.

मग एकदा त्यांची लेक तापलेल्या नातीला घेऊन आली. बाहेरची खोली गच्च भरलेली, आतलं दार सताड उघडं. साहेबांनी पोरीची छाती ऐकली, कान बघितले, श्वास मोजला आणि म्हणाले, “काही नको. पाणी पाज, झोपू दे. धाप लागली तर मात्र लगेच सांग.”

“बाबा, एखादं अँटिबायोटिक?”

“कशाला? सर्दीच तर आहे.”

बाहेर बाकावर पोस्टातून निवृत्त झालेले काका बसले होते. आज पहिल्या रांगेत आहेत. साहेबांनी नुकतीच लिहिलेली चिठ्ठी हातात धरून ते उठले. “साहेब, नातीला नाही, मग आम्हाला का?”

खोकणारेसुद्धा खोकायचे थांबले. साहेबांनी चष्मा काढून पुसला. “तिला उद्या पुन्हा बघायला माझ्याकडे वेळ आहे, काका. तुम्हाला लवकर बाहेर पाठवायचं असतं.”

मला वाटलं, आता लोक भडकणार. छे! मागून आवाज आला, “असू दे साहेब, तुम्ही लिहा.”

साहेबांनी चिठ्ठी परत घेतली. त्या दिवसापासून त्यांचा हात आखडला आणि सगळीकडे बोभाटा झाला, “डॉक्टर थकले, औषधांची नावं आठवत नाहीत त्यांना.” अध्यक्षांना तर इतकी काळजी वाटली, की साहेबांच्या विश्रांतीचा विषय त्यांनीच काढला आणि हा हॉलही त्यांनीच ठरवला. केवढं हे प्रेम!

इतक्यात काका खरोखर आजारी पडले. “देणारच नसतील तर जायचं कशाला?” म्हणून हट्टाने घरी बसले. साहेबांच्या कानावर आलं तसे ते मला घेऊन जिने चढत त्यांच्या घरी गेले. काकांना धड बोलवत नव्हतं. साहेबांनी पाठ ऐकली, मलाही ऐकायला लावलं. उजव्या बाजूला स्पष्ट करकर. न्यूमोनिया.

“आता अँटिबायोटिक हवंच,” साहेब म्हणाले.

काका तशा धापेतही म्हणाले, “आठवलं का नाव?”

“आठवलं. गिळा.”

औषध लागू पडलं. तोपर्यंत साहेब रोज जिने चढत राहिले. बरे झाल्यावर काका या सोहळ्याच्या समितीकडे गेले आणि म्हणाले, “निरोप रद्द करा.” उत्तर मिळालं, “उशीर झाला काका, हॉल ठरलाय.”

मी साहेबांना विचारलं, “राग नाही आला?”

“आला ना. पण यांना सवय लावली कुणी? मीच. मोडायला जरा उशिरा लागलो, एवढंच.”

एवढं म्हणून ते पुढच्या पेशंटची छाती ऐकायला वळले.

मंडळी, उद्यापासून दवाखाना मी बघणार आहे. छाती नीट ऐकेन, गरज असेल तेव्हा औषध देईन आणि नसेल तेव्हा तुमचे रुसवेही ऐकून घेईन. साहेबांचे, काकूंचे आणि हॉलसाठी अध्यक्षांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही वेडंवाकडं निघालं असेल, तर ते पोटात घाला. कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय घालू नका.