न निघणारे बूट

माझं लग्न कसं ठरलं, ते तुम्हाला सांगितलंच नाही वाटतं. तेव्हा ऑफिसातले आम्ही चौघं गोव्याला काइटबोर्डिंग शिकायला निघालो होतो. म्हणजे पायाखाली फळी असते आणि वरचा मोठा पतंग आपल्याला समुद्रावरून ओढत नेतो. शिकवणारा फोनवर म्हणाला, पायाला घट्ट बसणारे रबरी बूट आणा.

उल्हासनगरला कॅम्प एक या वस्तीत एका सिंधी काकांच्या दुकानात गेलो. ते म्हणाले, "साईं, पतंग उडाने के लिए बूट?"

म्हटलं, "काका, पतंग मला उडवणार आहे."

त्यांनी काळजीनं पाहिलं आणि एक नंबर लहान जोडी काढली. "पानी में ढीला होता है. टाइट ही लो."

घातले ते निघेचनात. काकांनी ओढले, मी ओढले. शेवटी तसाच निघालो, कारण संध्याकाळी घरच्यांबरोबर बदलापूर गावात मुलगी बघायला जायचं होतं.

दारात सगळ्यांनी चपला काढल्या. मी उभाच.

आई पुटपुटली, "काढ की."

"निघत नाहीत."

मुलीचे वडील माझ्या पायांकडे बघत राहिले. मग मी सगळं सांगून टाकलं, पतंगासकट.

मुलगी आतून खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. समोर बसली, बुटात तेल ओतलं आणि म्हणाली, "खिडकीचे गज धरा." तिनं हिसका दिला, तशी बूट घेऊन ती मागे आपटली आणि हसत सुटली. मलाही आवरेना.

वडिलांनी विचारलं, "काय गं, पसंत आहे का?"

ती म्हणाली, "थांबा बाबा, दुसरा काढते, मग सांगते."