रत्नाबाईंची इस्पिकची सत्ती

"हॅलो?… हॅलो!… कोण?… अगं मोठ्यानं बोल, तिकडं काय टेलिफोन विहिरीत सोडून बोलतात?… कोण, शालू? शालू! अगं मेले, हायस कुठं तू?… रखमाकडं, मासवणला? आमी इथं गावभर शोधतोय आणि तू बहिणीकडं जाऊन बसलीस?… थांब, तू बोलू नको. आधी माझं ऐक."

घिवलीत त्या वर्षी, म्हणजे पंच्याण्णव साली, टेलिफोन सात होते आणि त्यातल्या सहांनाच तारेची गरज होती. सातवा रत्नाबाईंचा. त्या ओटीवर उभ्या राहून बोलल्या, की मासवणला नुसतं खिडकी उघडून ऐकू येतं, असं त्यांचा नवरा आत्माराम चारचौघांत सांगायचा. पण गुरुवारपासून आत्माराम असलं काही सांगत नव्हता. गुरुवारपासून तो बायकोला सकाळचा चहा करून देत होता.

"नाय, आधी माझं!… शुक्रवारी उजाडायच्या आत तू पहिली एस्टी धरलीस, मग पुढं काय झालं ते तुला काय ठाऊक?… अगं, एकनाथनं ती कॅसेट परत लावली. केबलवर! सकाळी लावली, दुपारी लावली, संध्याकाळी बातम्यांच्या आधी लावली. तू खोकतेस, मी पान टाकते. मग तो कॅसेट मागं घेतो, तू उलटी खोकतेस, पान उडून माझ्या हातात येतं. परत पुढं. तू खोकतेस… बोईसरच्या बाजारात पोरं खोकायला लागलीत शालू! मी भाजीला गेले तर भाजीवाला दोनदा खोकला!… हसू नको. हसत नायस? मग काय, रडतेस?… रडू नको गं. तुझी काय चूक?"

हा एकनाथ म्हणजे बोईसरचा केबलवाला. त्याच्या डोक्यातून मेंढीकोटाची मालिका निघाली होती. चार गट पत्ते खेळायला समोरासमोर बसवायचे आणि दर गुरुवारी ते घरोघर थेट दाखवायचं. कॉलनीतले साहेब, कुंभवलीचे कारखान्यातले कामगार, कोळीवाड्यातल्या बायका आणि घिवलीच्या वाडीवाल्या बायका. पहिल्या गुरुवारी लोकांनी गंमत म्हणून पाहिलं. तिसऱ्या गुरुवारी चिकूच्या वाड्यांतली वटवाघळंसुद्धा खिडक्यांबाहेर येऊन लटकली, आणि ती उलटी असल्यामुळे त्यांना सगळे हुकूम उलटे दिसले, एवढंच. शेवटचा डाव कॉलनीचे साहेब आणि वाडीवाल्या बायका यांच्यात झाला. रत्नाबाई आणि त्यांची जोडीदार शालू यांनी साहेबांना कोट दिला. म्हणजे चारच्या चार दश्श्या बायकांच्या पदरात. आणि बक्षिसाची ढाल हातात यायच्या आत साहेबांनी हरकत घेतली.

"त्या चष्मेवाल्या साहेबाला मी कालच सांगितलं, तोंडावर सांगितलं. म्हटलं, कट हुकुमाचा डाव होता ना? तुमी चौकट उतरलात. माझ्याकडं चौकट नव्हती. मग मी टाकीन ते पान हुकूम, हा नियम तुमचा का माझा? मी इस्पिकची सत्ती टाकली. इस्पिक हुकूम झालं. शालूकडं एक्का, राजा, राणी निघाली, ते तिचं नशीब. तर म्हणतो कसा, 'पण बाई, त्याच्या आधी त्या दोनदा खोकल्या.' खोकल्या! म्हटलं, माणूस खोकणार नाय तर काय करणार? तिला छातीचा त्रास हाय. सहा वर्षं हाय. सहा वर्षं मी स्वतः हातानं अडुळशाचा काढा करून पाजते तिला. वाडीतलं अडुळशाचं झाड मी बोडकं केलं त्या पोरीसाठी…

"काय?… काय नको बोलू?… अगं बोलणारच! खोटा खोकला म्हणाला तो तुझा! मी म्हटलं, माझी शालू मरेल पण खूण करणार नाय… हो, असंच म्हटलं… सगळ्यांसमोर… पुंडलिक मास्तर पंच म्हणून बसलेले, ते साक्षीला हायत… आता त्यात गप्प होण्यासारखं काय हाय? हॅलो?… हायस ना?"

रत्नाबाईंनी टेलिफोन या कानावरून त्या कानावर घेतला. ओटीवर आत्माराम कालचं वर्तमानपत्र तिसऱ्यांदा वाचत होता.

"ऐक, आता मुद्द्याचं. मास्तरांनी निकाल ठेवलाय उद्यावर. उद्या रविवार, सकाळी दहा वाजता, एकनाथच्या हॉलमध्ये. कॅमेरा चालू. मध्ये पाटावर नारळ ठेवायचा, देवीपुढचा, आणि तू आणि मी, दोघींनी त्याच्यावर हात ठेवून सांगायचं, की खूण झाली नाय. सांगितलं की ढाल आपली. नाय सांगितलं, एकजण जरी आली नाय, तरी ढाल कॉलनीची, आणि वर घिवलीच्या बायका लबाड म्हणून पुढल्या वर्षी नाव बाद… मी हो म्हणून आले. म्हटलं, एक काय, पोतंभर नारळ आणा!… गावातले पुरुष आधीच बोलतात, बायकांना पाठवलं आणि नाक कापून आल्या. त्यांचा संघ पाठवायचा होता ना त्यांना! तर तू उद्या सातची एस्टी धर आणि…

"येत नायस?… म्हणजे काय येत नायस?… नारळावर हात ठेवणार नायस? का? हाताला काय झालं?… अगं शालू, खरं बोलायचं तर हाताला कसली भीती?…

"काय म्हणालीस?

"परत बोल."

इथं रत्नाबाई खाली बसल्या. त्या बोलताना कधी बसत नसत. लग्नातसुद्धा उभ्याच होत्या, असं गावात म्हणतात.

"खोकला खोटा?… सगळा?… म्हणजे कुठलाच खरा नव्हता?… शाले! आणि काढा? काढा का प्यायलीस मग?… मी एवढी प्रेमानं आणते म्हणून?… कडूजहर काढा सहा वर्षं प्यायलीस, पण तोंडानं सांगितलं नायस!… मला ठाऊक होतं? मला कुठून ठाऊक असणार!… ठरलं होतं? आपलं? केव्हा?… नर्मदाच्या घरी, पापड लाटताना… हो, होते मी… 'हो' म्हटलं मी? अगं, मी त्या दिवशी सगळ्यालाच हो म्हणत होते! चारशे पापड होते, ऊन उतरत होतं. तू काय सांगतेस त्याच्याकडं लक्ष होतं का माझं? मला वाटलं, तुझ्या सासूचं काहीतरी सांगतेस!…

"सांग. सांग, आता सगळंच सांग… एकदा खोकलं तर बदाम. दोनदा इस्पिक… नाक पुसलं तर किलवर. नाक पुसलं तर!… मी रुमाल दिला तुला प्रत्येक वेळी. दोन रुमाल तर तुझ्याकडंच राहिलेत… आणि चौकट?… पदर दोन्ही खांद्यावर घेतला की चौकट… मला वाटलं, तुला थंडी वाजते! अगं, कुंभवलीवाल्यांच्या डावात मी उठून पंखा बंद केला होता तुझ्यासाठी! तीन वेळा केला. ते बिचारे 'भाभीजी, गर्मी है, भाभीजी, गर्मी है' करत राहिले. घामानं त्यांची पानं एकमेकांना चिकटली, एकाच्या हातून एक्क्याबरोबर दश्शी पडली… म्हणून जिंकलो आपण? पंख्यामुळं?… आणि मी घरी येऊन सांगितलं, मी त्यांची पानं ओळखली!"

रत्नाबाईंचा राग आता कुणावर जावा ते त्याला स्वतःलाच कळेना. आधी तो चष्मेवाल्या साहेबावर होता. मग शालूवर आला. मग हळूहळू तो ओटीकडं सरकला, पण तिथं आत्माराम गरीब चेहऱ्यानं बसलेला, म्हणून परत फिरला.

"नाय, थांब, मला आधी रागवू दे नीट… तू सहा वर्षं खुणा करतेस आणि मला एक कळत नाय, म्हणजे मी काय बैल हाय?… तसं नाय म्हणालीस, पण झालं तेच ना! मग तुला कधी वाटलं नाय, हिला विचारावं, बाई, तुला कळतंय का?… कळतंय असं वाटलं? का?… जिंकत होतो म्हणून. घ्या!

"आणि परवाचं?… परवा मी इस्पिक टाकलं ना बरोबर, ते…

"शालू, तुला सांगते. कुणाला बोलू नको. परवा तू दोनदा खोकलीस. मला वाटलं, पोरगी आता गुदमरते. पाण्याचा तांब्या मागं होता. मी उठायच्या घाईत हाताला लागलं ते पान टाकलं. बघितलंसुद्धा नाय. पाणी घेऊन वळले तर समोर सत्ती पडलेली आणि साहेबाचं तोंड उतरलेलं… देवाशपथ… नाय गं, बावन्न पानंबिनं काय मोजलेली नाय. ते मी नंतर सांगितलं. एकनाथनं माइक पुढं केला आणि विचारलं, 'रत्नाबाई, इस्पिकच का?' आता काय सांगू, की तांब्यामुळं? म्हटलं, मी पहिल्या हातापासून बावन्न पानं डोक्यात मोजते. निघून गेलं तोंडातून… तेपण पाच वेळा दाखवलं केबलवर. कॉलनीतल्या दोन बाया काल शिकवणी लावायला आल्या होत्या."

पलीकडून शालू काय बोलत होती ते वटवाघळांनासुद्धा ऐकू आलं नसेल. रत्नाबाईंनी मात्र अगदी हळू सांगितलं,

"आमच्या ह्यांनी मला पहिल्यांदा विचारलं काल. तीस वर्षांत पहिल्यांदा. 'अगं, तू मोजतेस कशी?' असं विचारलं. नाय तर 'तुला पत्त्यातलं काय कळतं' हे ऐकतच म्हातारी झाले मी… हो… चहा करून देतात… साखर जास्त पडते, पण देतात…

"हो. हो, कळलं. तू नारळावर खोटं बोलणार नायस. मी कुठं बोल म्हणते? मीपण बोलणार नाय… मग काय, तू एकटी जाऊन चोर ठरणार? आणि मी घरात बावन्न पानं मोजत बसू?… शालू, रडणं बंद कर आधी, मला विचार करता येत नाय… थांब. थांब, तो कागद कुठं हाय नियमांचा… अहो, उठा जरा, तुमच्याखाली हाय तो… हां. मिळाला. ऐक. कलम सात. 'जोडीदाराने खूण केली व दुसऱ्याने ती ओळखून पान टाकले, तर डाव रद्द.' ओळखून! मास्तरांनी स्वतः लिहिलंय, त्यांच्या अक्षरात… आता कळलं का?… अगं, मी ओळखलीच नाय ना! तू कर की खुणा, कथकली कर! मला कळली नाय तर डाव रद्द होतो कसा?…

"तर तू यायचं. यायचं म्हणजे यायचं. तू नारळावर हात ठेवून खरं ते सांगायचं, खोकला खोटा. मान खाली घालायची, मास्तर रागावले तर ऐकून घ्यायचं. मग मी हात ठेवीन, आणि मी सांगीन, की मला…

"हो, तेच सांगीन… सगळं. तांब्यासकट… हो, माहीत हाय, कॅमेरा हाय. माहीत हाय, पाच वेळा दाखवील. मागं घेऊन घेऊन दाखवील मेला… मग काय करू? तुला तिथं एकटीला उभी करू?… नाय, तू नको मध्ये पडू. 'मला कळली होती' म्हणायचं तर नारळ फुटेल हाताखाली, आणि नाय म्हणायचं तर मी मूर्ख. मूर्ख बरी… अगं, नाय वाईट वाटत… वाटतं. वाटणारच! पण ते माझं मी बघीन…

"सातची एस्टी. पालघरला उतर, तिथून बोईसर… रखमालापण आण. आणि हे बघ, साहेबांनी काय विचारलं तर तू… हॅलो?… शालू?… हॅलो, हॅलो!… गेली लाईन."

लाईन गेली होती. पण रत्नाबाईंनी टेलिफोन खाली ठेवला नाही. त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि उजवा हात टेलिफोनच्या काळ्या डबड्यावर ठेवला.

"मी, घिवलीची रत्नाबाई… नारळावर हात ठेवून सांगते… की…"

त्यांनी परत सुरुवात केली.

"मी, घिवलीची रत्नाबाई, नारळावर हात ठेवून सांगते, की शालूची खूण मला कळली नाय. मी पान न बघता टाकलं. मला…"

हे एवढं बारीक बोलल्या, की त्यांच्या जन्मात कुणी ऐकलं नव्हतं. ओटीवरचं वर्तमानपत्र खाली आलं होतं. त्याच्यावरून आत्माराम बघत होता.

रत्नाबाई त्याच्याकडं तोंड करून वळल्या आणि तिसऱ्यांदा बोलल्या. या वेळी अशा, की लाईन नसलेल्या टेलिफोनमधून ते शब्द मासवणला, कुंभवलीला आणि बोईसरच्या हॉलमध्ये एकाच वेळी पोचले, आणि एकनाथचा बंद कॅमेरा आपोआप चालू झाला, असं सांगतात.

"मी, घिवलीची रत्नाबाई, सांगते, की मला पत्त्यातलं काय एक कळत नाय!… ऐकलं? मग हसा काय हसायचं ते आत्ताच. उद्या नारळासमोर मला वेळ नाय."

आणि त्यांनी टेलिफोन ठेवला.