दोन लाल आणि मधे मी

...नाही, तुम्हीच सांगा, लाल तो लालच ना? मग एका आईच्या दोन लेकींनी दोन तऱ्हेचं लाल आणलंच कसं?

तुम्हाला सांगते, आमच्या घानात, कुमासीत, घरचं माणूस गेलं की सगळ्यांनी एकाच ताग्याचं लाल कापड घालायचं. आई शहाण्णवाव्या वर्षी गेली, मोठ्या कोनाडूने विटेसारखं लाल आणलं, तागा संपला, धाकटी पोकुआ म्हणाली उरलेलं मी आणते, आणि आणलं कांद्याच्या सालीसारखं! दोघी रुसायला तयारच. आणि मधे मी. मधली लेक ना मी, दोघींचं मन राखायला पोलकं हिच्या कापडाचं शिवलं, घागरा तिच्या.

फोटोचा स्टुडिओ माझाच. संगणकावर फोटोचे रंग सुधारायची विद्या साठीनंतर एकटीने शिकले, कुणाच्या बापाने शिकवली नाही. कॅमेऱ्याला टायमर लावला, धावत जाऊन बसले. डावीकडे कोनाडूचं घर, उजवीकडे पोकुआचं... आणि मधे मी. हा फोटो शनिवारी आईच्या शवपेटीमागे भिंतीएवढा लागणार. त्यात दोन लाल दिसले की गाव म्हणणार, आई मातीत जायच्या आधीच घर फुटलं.

म्हणून गुरुवारी सकाळपासून दोघी माझ्या मानगुटीवर. धाकटीने तर दारातच खुर्ची टाकली, जाते कुठे? मी म्हटलं, बायांनो, रस्ते दोन. मास्क म्हणजे कापडाला कुंपण, रंग आतल्या आत. ब्लेंड म्हणजे वरून पातळ थर, तो खाली मुरतो. मास्क लावला, तर धाकटी नाकातून, "आम्हाला कात्रीने कापून चिकटवलंय. आम्ही काय पाहुण्या?" ब्लेंड केलं, रंग तोंडावर पसरला, तर मोठी छाती पिटत, "आई गेली नि ही ताडी पिऊन बसली, म्हणतील लोक." मास्क काढ, ब्लेंड घाल, ब्लेंड पूस, मास्क घाल... पाणी प्यायला उठले तर दोघी एका सुरात, "कुठे?"

उन्हं कलली, छापणारा दुकान बंद करणार, मी म्हटलं बास. मोठीच्या बाजूला मास्क, धाकटीच्या बाजूला ब्लेंड, दोन्ही लाल मधल्या एका छटेवर आणून मिळवले. काय जमलं म्हणून सांगू! केसाएवढी चूक नाही. दोघींनी एकमेकींचे डोळेसुद्धा पुसले. फोटो छापायला गेला.

शनिवारी पडदा उघडला. डावं-उजवं एकच लाल, एकच घर. आणि मधे मी... वर वीट, खाली कांदा. कुंपण माझ्या अलीकडे थांबलेलं, थर माझ्या पलीकडून सुरू. स्वतःकडे बघायचंच राहिलं हो.

पोकुआच्या सासरची एक म्हातारी डोळे बारीक करून विचारते, "ही मधली कोण गं, वेगळ्या कपड्यातली?"

मी तिथेच उभी. कोनाडूने पोकुआकडे पाहिलं, पोकुआने कोनाडूकडे, आणि दोघी एकदमच म्हणाल्या, "ती होय? फोटोवाली."

असो. निदान एका गोष्टीवर दोघींचं एकमत झालं.