प्रशिक्षकाचं मत

नाही, नाही, आत नको जाऊस, लिहू दे त्यांना — काचेतून दिसतंय की इथून. बघ, पेपर कसा सरळ धरलाय, टेबलाच्या कडेला कड लावून. घरी हल्ली वर्तमानपत्र उलटं धरून बसतात, आणि इथे बघ. तू बस रे, उभा काय राहतोस, आता तू प्रशिक्षक आहेस इथला, मी कोण? मी आपली परीक्षार्थीची बायको. तर मी काय म्हणत होते — डोळ्यांचं कारण लिही. दृष्टी अधू, पिस्तूल विकत घ्यायला अपात्र, संपलं. काय? तपासले? सकाळीच? शेवटची ओळसुद्धा वाचली म्हणतोस — वाचणारच. तुझ्या सरांना समोरच्या गच्चीवरचं मांजर दिसतं, त्याची शेपटी दिसते, फक्त — बरं, कानांचं लिही मग. ऐकू कमी येतं. तेही नाही? मग तुम्ही लोक माणसाला नापास करता तरी कशावर?

हसू नकोस. तुला वाटत असेल, ही म्हातारी नवऱ्याच्या वाइटावर का उठलीय. पण मी दुसऱ्या कुणाकडे जाऊ? या गावात ज्याच्याकडे म्हणून परवान्याचं हत्यार आहे, तो एकूण एक माणूस यांच्या हाताखालून गेलाय. तूही. तो हत्यारांचा दुकानदारही. परवा हे तरातरा तिथे गेले, मी मागून धापा टाकत — तर तो खुर्चीतून ताडकन उठला, सर या, सर बसा, कुठलं दाखवू? मी मागून डोळ्यांनी खुणावतेय, नको, नको, तर मला विचारतो, काकू, डोळ्यांत काही गेलं का? गेलं! काय सांगू त्याला. शेवटी म्हणाला, सर, तुमचं प्रमाणपत्र जुनं झालंय, सुरक्षेचा वर्ग पुन्हा करावा लागेल, कायदाच आहे, तेवढा कागद आणा, बाकी मी बघतो. मला वाटलं, सुटले. पण हे म्हणाले, बरोबर आहे, नियम म्हणजे नियम, आणि घरी येऊन बूट पुसायला बसले. तुझ्या वर्गात पहिल्या रांगेत बसले ना? ज्या वर्गात जन्म गेला शिकवण्यात! तू चुकलास तिथे तुला दुरुस्तही केलं म्हणे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

जुनं पिस्तूल कुठे गेलं, हेच विचारणार ना तू? चोरीला गेलं — असं हे सांगतात जगाला. चोर तुझ्यासमोर बसलाय. मीच नेलं त्यांना पोलीस ठाण्यात, आता वय झालं, जमा करून टाकू म्हटलं, तर शहाण्या मुलासारखे आले, साहेबाला पिस्तूल रिकामं करून दाखवलं, कागदावर स्वतः सही केली, आणि संध्याकाळी कपाट उघडून ओरडले, चोरी झाली! तेव्हापासून हाच धोशा. घरात चोर शिरतात, नवीन पाहिजे. मी सहीची आठवण करून दिली, तर माझ्याकडे असं बघितलं — जाऊ दे. विसरतात थोडं, बाकी काही नाही. वयाने होतं. डॉक्टरही तेच म्हणाला. डॉक्टरसमोर हे इतके ताठ बसले आणि इतके विनोद केले की त्याला वाटलं, तपासायचं मलाच आहे.

थोडं म्हणजे — बरं, थोडं नाही. झाकली मूठ झाकलेलीच राहावी म्हणून आजवर कुणाला बोलले नाही, मुलीलाही नाही, ती लांब राहते, उगाच तिच्या जिवाला घोर. पण तुला सांगायलाच हवं, नाहीतर तू त्या कागदावर शिक्का मारून मोकळा होशील. भर दुपारची गोष्ट. पिस्तूल तेव्हा घरातच होतं. मी मागच्या दाराने आत आले, वाळलेल्या चादरी अशा छातीशी धरून, तोंड निम्मं झाकलेलं — आणि हे बाहेरच्या खोलीत उभे. पाय रोवून, दोन्ही हात पुढे, तू शिकवतोस ना तसेच. पिस्तूल माझ्यावर. म्हणाले, कोण तुम्ही? मी चादरी खाली केल्या. म्हटलं, अहो, मी. तर पुन्हा तेच, कोण तुम्ही, घरात कशा आलात? माझा चेहरा बघून, अरे, हा चेहरा बघून! मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलंच नाही, नुसती बोटाकडे बघत राहिले. बोट बाहेर होतं. सरळ, नळीच्या बाजूने टेकवलेलं, चापावर नाही. समोर कोण आहे याची खात्री झाल्याशिवाय बोट आत न्यायचं नाही — किती वर्षं घसा फोडून सांगितलं त्यांनी तुम्हाला! तर मी कोण ते कळलं नाही म्हणून मी वाचले, असं म्हण. पण उद्या खात्री झाली तर? चोरच आहे अशी खात्री झाली तर? तेव्हा नियमाप्रमाणे बोट आत जाईल की रे. मी काय केलं? म्हटलं, लाँड्रीतून आलेय, कपडे द्यायला. चादरी खुर्चीवर ठेवल्या आणि आल्या पावली बाहेर गेले, पायरीवर बसले. स्वतःच्या घराच्या पायरीवर. बऱ्याच वेळाने आतून हाक आली, अगं, चहा टाकतेस का? टाकला. काय करणार.

हे नकली पिस्तूल अजून तेच वापरता तुम्ही? लाल प्लॅस्टिकचं, मुठीला चीर गेलेली — अरे, ही चीर माझी! माझ्या हातून पडलं होतं. राहू दे, राहू दे हातात, मोडत नाही आता. तुला ठाऊक नसणार, तू जन्मलाही नव्हतास. वडील गेले, त्यांची बंदूक घरात, भाऊ हात लावायला तयार नाही, तर मी आले शिकायला. खोलीभर पुरुष आणि मी. हे दारात उभे, मिशीबिशी पिळलेली. म्हणाले, सोबत कोणी आलंय का? मी म्हटलं, एकटीच आलेय, सर. असं तोऱ्यात म्हटलं! मग हे हातात दिलं आणि लगेच ओरडले, ओ बाई, बोट बाहेर — आणि डावखुऱ्या आहात वाटतं? हरकत नाही, पहिल्या रांगेत बसा. झालं, तिथून मी जन्मभराची डावखुरी. लग्नाच्या दिवशी डावखुरी, भांडणात डावखुरी, आजारपणात डावखुरी. नावाने कधी हाक मारली असेल तर शपथ.

आणि आता खरं सांगते, हे कुठे बोलू नकोस. दर आठवड्याला ते आपलं जुनं पिस्तूल साफ करायला घ्यायचे. टेबलावर जुनं फडकं, तेलाची बाटली, ब्रश, सगळं ओळीने. हात चालू झाले की माणूस परत यायचा. खरंच यायचा रे! मान वर न करता म्हणायचे, डावखुरे, तेवढा दिवा लाव. डावखुरे, तुझ्या वडिलांची बंदूक विकली तेव्हा तू किती रडली होतीस. सगळं आठवायचं. मी हातातलं काम टाकून समोर बसायची, दुसरं फडकं आणून द्यायला मुद्दाम उशीर करायची, तेवढंच लांबेल म्हणून. आणि तेच मी नेऊन जमा केलं. त्या दिवसापासून एकदाही — एकदाही मला त्या नावाने हाक नाही. मग मनात येतं, घेऊ दे नवीन. होऊ दे पास. काय होईल फार तर? मरेन. पण डावखुरी म्हणून मरेन, लाँड्रीवाली म्हणून नाही. आज सकाळी त्यांच्या बुटाच्या नाड्या बांधताना हेच चाललं होतं डोक्यात. त्यांच्या खिशात पेन कुणी ठेवलं? मी. एक बंद पडलं तर म्हणून दुसरंही ठेवलं. बघतोस ना — मी अशी. नापास कर म्हणून सांगायला आलेली बाई.

पण नाही. नको. मला काही झालं तर मी सुटेन रे, आणि मग एखाद्या दिवशी त्यांना आठवलं, तर? आपल्या हातून कोण गेलं ते आठवलं, तर? तेव्हा त्यांच्याजवळ कोण बसेल? म्हणून म्हणते, त्या तुझ्या कागदाच्या तळाशी एक रकाना आहे. प्रशिक्षकाचं मत. तो कुणी घालायला लावला, माहितेय? यांनीच. वरच्या साहेबांशी भांडून. म्हणायचे, पेपर पास झाला, हात पास झाला, म्हणजे माणूस पास झाला असं होत नाही — समोरच्याला नाही म्हणायचा अधिकार शिकवणाऱ्याला पाहिजे. किती जणांचा वाईटपणा घेतला त्या रकान्यापायी, पण लिहायचं ते लिहिलं. मग तू त्यांचाच शिष्य ना? मान खाली घालू नकोस. माझ्याकडे बघ. बघ ना.

आले. ऊठ, आले बघ, संपलासुद्धा पेपर. आधी डोळे पूस तुझे. — द्या, यांच्याकडे द्या, हे तपासतील. काय? कोण, मी? हो... हो, सर. आजच आले. बोट? चुकलं, सर, हे घेतलं बघा बाहेर. हो, डावखुरी आहे. पहिल्यापासून. पहिल्या रांगेत ना? बसते.

अरे, बघतोस काय असा? लिही.

नाही, सर. सोबत कोणी नाही. एकटीच आलेय.